थोरल्यांचे दगड

माझं दुकान माशांचं आहे. खायच्या नव्हे, बघायच्या. हे आधीच सांगितलेलं बरं, कारण अधूनमधून कुणीतरी पिशवी घेऊन आत येतं आणि विचारतं, "साफ करून द्याल ना?" मी म्हणते, "देते की. टाकी कुठे आहे?"

खाली दुकान, दुकानामागे एक खोली आणि वर आमचं घर. घरात मी, नवरा आणि सासूबाई. नवरा बस चालवतो. स्वयंपाकघर सासूबाईंचं. त्या या घरात सून म्हणून आल्या तेव्हापासून मिठाचा डबा शेगडीच्या उजव्या हाताला, साखर त्याच्यामागे, चहापत्ती वरच्या फळीवर. दिवे गेले तरी त्यांचा हात बरोबर मिठावर पडतो, आणि याचा त्यांना कोण अभिमान! लग्नाला इतकी वर्षं झाली, पण त्या फळीवरचा एकही डबा मी कधी हलवलेला नाही. पाण्यात राहून माशाशी वैर कशाला? चहासुद्धा मी खाली दुकानातच करते.

लोकांना वाटतं, मासा म्हणजे मासा. शेपूट, कल्ले, पाणी, संपलं. अहो, माणसामाणसांत नसेल एवढा फरक माशामाशांत असतो! गोल्डफिश घ्या. त्याला जठर म्हणून नसतंच, तोंडातून गेलं की थेट आतडं. म्हणूनच की काय, पोट भरलं हे त्याला आयुष्यात कळत नाही, आणि तो जन्मभर काचेशी येऊन मागत राहतो. गप्पी पिल्लं घालते आणि भूक लागली तर मागे वळून त्यातलीच दोन-चार गिळते. फायटरचा नर बघा. अंगावर एवढा झगमगाट, आणि दुसरा नर दिसला की फाडायला धावतो. पण अंडी झाली की हाच गुंड पाण्यावर बुडबुड्यांचं घरटं बांधतो आणि खाली घसरलेलं एकेक अंडं तोंडात धरून परत वर नेऊन ठेवतो. लोच नावाचा एक सडपातळ मासा आहे. वादळ यायच्या आधी तो टाकीभर सैरावैरा पळायला लागतो. मी त्याच्याकडे बघून कपडे आत घेते. आणि सकर! दिवसभर काचेला तोंड लावून चिकटलेला. ना कुणाच्या अध्यात, ना मध्यात. आमचे हे त्याच जातीचे. कामावरून आले की सोफ्याला चिकटतात, आणि घरात काहीही पेटलं तरी म्हणतात, "तुम्ही बायका काय ते बघून घ्या."

दुपारी सासूबाई दुकानात उतरतात. नाकाला रुमाल लावून म्हणतात, "वास मारतो गं तुझा संसार," आणि गिऱ्हाइकासाठी ठेवलेल्या एकुलत्या एका स्टुलावर बसतात. मी समोर पालथ्या बादलीवर. माशांकडे बघायचं नाही असं त्यांनी ठरवलेलं आहे. तशा त्या सगळ्यांनाच नावं ठेवतात, पण माशांना ठेवलेली टिकली. फायटर म्हणजे 'नवरदेव', गोल्डफिश म्हणजे 'हावरी मंडळी', आणि दर्शनी टाकीतला ऑस्कर म्हणजे 'थोरले'.

थोरले काळे, अंगावर केशरी डाग, माझ्या पंजापेक्षा मोठे. माणूस ओळखतात. मी आले की काचेपाशी येतात, नवरा आला की पाठ फिरवतात. टाकीतले दगड त्यांनी स्वतःच्या तोंडाने ढकलून ढकलून लावले आहेत, आणि त्या दगडांपाशी दुसरा कुणी फिरकला की त्याची खैर नाही. अशा टाकीत नवा मासा नुसता सोडून द्यायचा म्हणजे त्याचं मरण. म्हणून आमच्या धंद्यात एक रीत आहे. आधी थोरल्यांना बादलीत काढायचं. वर झाकण, कारण उडी मारतात. मग टाकीतला दगड न् दगड हलवायचा, एकही जागचा राहू द्यायचा नाही. मग थोरले आणि नवा मासा दोघांना एकदमच सोडायचं. थोरले बघतात, तर आपलं घरच नाही! मग कोण कुणाला कुठून हाकलणार? दोघेही पाहुणे. थोरले रुसतात. तळाशी आडवे पडतात, मेल्याचं सोंग घेतात. गिऱ्हाईक घाबरून मला सांगायला येतं. मग कधीतरी उठतात आणि बाकीच्यांबरोबर नवी जागा शोधायला लागतात. मला त्या उठण्याचं फार कौतुक आहे. एवढा मोठा जीव, एवढा मान, आणि पुन्हा पहिल्यापासून सुरुवात.

हे सगळं मला माहीत होतं, आणि तरी माझी आई आमच्याकडे राहायला आली तेव्हा मी माती खाल्ली.

आई इस्पितळाच्या धुलाईखान्यात कामाला होती. बाबा लवकर गेले, मी एकुलती लेक. तिनं चादरी धुऊन मला वाढवलं. निवृत्त झाल्यावर ती आपल्या जुन्या इमारतीत राहत होती, सगळ्यात वरच्या मजल्यावर, लिफ्ट नाही. यंदा तिच्या गुडघ्यांनी हात टेकले. डॉक्टर म्हणाले, रोज एवढे मजले चढणं बंद म्हणजे बंद. मी तिला घेऊन आले. कायमची, असं मी ठरवलं होतं. आई म्हणत होती, "बघू."

दुसऱ्याच दिवशी सकाळी आईनं उपकार केला. सगळे उठायच्या आत तिनं स्वयंपाकघरातली फळी पुसली, डबे घासले आणि उंचीप्रमाणे लावून ठेवले. धुलाईखान्याची शिस्त. सासूबाई आल्या, नेहमीप्रमाणे न बघता हात लांबवला आणि चौघांच्या चहात मीठ घातलं. नवरा तो चहा शेवटच्या घोटापर्यंत प्यायला आणि कामावर निघून गेला. सकरच तो. सासूबाईंनी मात्र एक घोट घेतला आणि कप खाली ठेवला. त्यांचा चेहरा असा पडलेला मी कधी पाहिला नव्हता.

"विहीणबाई," त्या म्हणाल्या, "आमच्याकडे मीठ उंचीवर ठरत नाही."

"चुकलं माझं," आई म्हणाली. "तुम्हाला जरा मदत..."

"मी मागितली होती का?"

त्या दिवसापासून सासूबाई आईला पाण्यात पाहू लागल्या. आई खोलीत आली की या बाहेर. आईनं पाणी प्यायला पेला उचलला की यांचे डोळे पेल्यावर. एका म्यानात दोन तलवारी, असं नवरा म्हणाला, आणि बातम्या लावल्या. पण तलवारी कुठल्या दोन? तलवार एकच होती. माझी आई गप्प उभी राहायची, ओल्या हातांनी.

मला सासूबाईंचा संताप आला. पण मी स्वतःला शहाणी समजते ना! भांडायचं सोडून मी मनातल्या मनात जाती ठरवल्या. सासूबाई म्हणजे थोरले, यात शंकाच नव्हती. आणि आई? इतकी वर्षं एकटी राहिलेली, आवाज नाही, मागणं नाही, लहान जागेत सुखी. फायटरमधून भांडण वजा केलं की उरेल ते. फायटरला सोबत लागत नाही. त्याला आपली आपली जागा, स्वच्छ पाणी आणि शांतता दिली की झालं. शिवाय नवा मासा आणला की काही दिवस त्याला वेगळ्या टाकीत ठेवायचं, हा तर आमचा पहिला नियम. मग काय, मी दुकानामागची खोली रिकामी केली. पलंग टाकला, छोटी शेगडी, किटली, तिचे वेगळे कप. "आता तुला कुणाची कटकट नाही," मी म्हणाले. आई म्हणाली, "छान आहे हो खोली." मला माझंच कौतुक वाटलं.

थोड्याच दिवसांत आई फिकी पडायला लागली. तिनं वेणी घालायची सोडून दिली, नुसता अंबाडा गुंडाळायची. दिलेल्यातलं अर्धं जेवण झाकून ठेवायची. मी विचारलं तर म्हणायची, "बरं आहे की सगळं." मी काय करावं? मासेवालीच मी. थंडी वाजते का म्हणून हीटर ठेवला. उजेड कमी असेल म्हणून दिवा बदलला. हवा खेळत नसेल म्हणून खिडकीची झडप मोकळी केली. शेवटी एक झाड आणून कोपऱ्यात ठेवलं. टाकीत करतात ते सगळं केलं. आई त्या झाडाला रोज पाणी घालायची आणि त्याच्याकडे बघत बसायची.

एकदा ती दुकानात आली आणि एका टाकीपाशी थांबली. तिथे आफ्रिकेतल्या तळ्यातली एक मादी होती. ती अंडी आणि नंतर पिल्लं तोंडातच सांभाळते. हनुवटी फुगलेली, तोंड घट्ट मिटलेलं.

"ही खात नाही?" आईनं विचारलं.

"नाही. तोंड उघडलं तर पिल्लं बाहेर पडतील ना. पिल्लं मोठी होईपर्यंत उपाशी."

"आणि मोठी झाल्यावर?"

"सोडून देते. मग ती आपापल्या वाटेनं जातात."

"हं," आई म्हणाली. मग तिनं काचेवरून हात फिरवला आणि सहज सांगावं तसं सांगितलं, "नदीपलीकडे वृद्धांची ती संस्था आहे ना, मी तिथे चौकशी करून ठेवली आहे. एक जागा रिकामी होते आहे. त्यांचा फोन येईल. हो म्हणावं म्हणते."

माझ्या हातातली जाळी पाण्यात पडली. मी नाही नाही ते बोलले. लोक काय म्हणतील, मी मेले आहे का, वगैरे. आई ऐकून घेत राहिली. मग म्हणाली, "तिथे जेवायला पंगत असते गं. मी बघून आले." एवढं बोलून ती खोलीत गेली. ती पंगतीबद्दल काय म्हणाली, ते माझ्या टाळक्यात तेव्हा शिरलंच नाही. मी सगळा राग सासूबाईंच्या नावावर टाकला.

दुपारी त्या नेहमीप्रमाणे रुमाल लावून उतरल्या. मी पाठ फिरवून काचा पुसत राहिले. तेवढ्यात एक गिऱ्हाईक पिशवीत एक निऑन घेऊन आलं. निऑन म्हणजे बोटाच्या पेराएवढा मासा, अंगावर एक निळी रेघ, खाली लाल. थव्यात फिरायला लागला की दिवे लागल्यासारखे वाटतात. या गिऱ्हाइकाकडचे बाकीचे मेले होते, हा एकटा उरला होता. "बघवत नाही हो," ते म्हणालं, "परत घ्या."

मी नियमाप्रमाणे त्याला वेगळ्या छोट्या टाकीत ठेवलं. तो कोपऱ्यात जाऊन उभा राहिला. रेघ राखाडी झालेली, लाल तर दिसतच नव्हतं. सासूबाई स्टुलावरून वाकून बघत होत्या. माशांकडे बघायचं नाही, हे विसरून.

"आजारी आहे?"

"नाही. एकटा आहे."

"मग त्याच्या लोकांत सोड की. बसला आहे बिचारा भिंतीला तोंड करून."

"काही दिवस वेगळं ठेवायचं असतं," मी म्हणाले. "नियम आहे."

"नियम! तुझा नियम त्याला गिळेल."

त्यांचं तोंड बंद करायचं म्हणून मी तो मासा मोठ्या टाकीत सोडला. नियम मोडला, पण खरं सांगते, त्याच्याकडे मलाही बघवत नव्हतं. थवा पुढे आला. हा आधी मागे राहिला, मग शेपटी हलवत त्यांच्यात शिरला. आमचा चहा पिऊन होईपर्यंत त्याची निळी रेघ पेटली. थोड्या वेळानं लालही आलं, आणि मग तो नेमका कुठला, हे मला ओळखता येईना. इतकी वर्षं हा धंदा करते आहे, पण ते बघायला मी अजूनही हातातलं काम टाकून उभी राहते.

सासूबाई अजून टाकीकडेच बघत होत्या. मग रुमाल घडी करत म्हणाल्या, "आणि ती मागच्या खोलीतली?"

मी चहाचे कप उचलले.

"धुलाईखान्यात किती बायका होत्या गं तिच्याबरोबर?"

"पुष्कळ," मी म्हणाले. आणि मग मला आठवायला लागलं. मी शाळेतून तिथे जायचे तेव्हा वाफेच्या त्या हॉलमध्ये समोरासमोर उभ्या राहून चादरींची टोकं धरणाऱ्या बायका, त्यांचे ते जोरजोरात विनोद, आणि त्या सगळ्यांत माझ्या आईचं हसणं. इमारतीतही आमचं दार दिवसभर उघडं असायचं. आई एकटी राहत होती खरी, पण एकटी कधीच नव्हती. मी तिची जातच चुकीची ठरवली होती. मासे ओळखणारी मी, आणि घरचा मासा ओळखला नाही! मला लाज वाटली, आणि लाज वाटली की मी चिडते.

"सोडू कुठे मग तिला?" मी ओरडले. "वर? वर थोरले बसले आहेत ना!"

बोलून गेले आणि जीभ चावली. सासूबाईंनी दर्शनी टाकीकडे पाहिलं. थोरले आपल्या दगडांवर पहारा देत होते. त्या दोघांनी एकमेकांकडे बराच वेळ बघितलं, आणि मला वाटलं, आता माझी धडगत नाही.

सासूबाई स्टुलावरून उठल्या. "ऊठ," त्या मला म्हणाल्या. मी पालथ्या बादलीवरून उठले. त्या बादलीवर बसल्या, पाय जुळवून, पाठ ताठ.

"घे. बादलीत बसले मी. झाकण तेवढं घालू नकोस. जा आईला घेऊन वर, आणि सगळे दगड हलवा. एक डबा जागचा राहिला तर बघ!"

"अहो आई..."

"अहो आई काही नाही. जा. मी उडी मारायच्या आत जा."

माझी आई तयार होईना. "मी हात लावणार नाही," म्हणाली. "एकदा लावला तेवढा पुरे." शेवटी मी तिला मागच्या खोलीतून दुकानात आणून बादलीवर बसलेल्या सासूबाई दाखवल्या. समोरच्या टाकीकडे बघत त्या म्हणाल्या, "विहीणबाई, लवकर करा. कंबर धरते माझी." आई माझा हात धरून सावकाश वर चढली. आमचा जिना एकच, आणि तोही मी तिला हात धरूनच चढू देते.

आम्ही सगळं हलवलं. साखर गेली खालच्या कपाटात, पातेली गेली चहाच्या जागी, झारे-उलथने टांगले दाराच्या मागे. मीठ हातात घेऊन आई उभीच राहिली. "हे तरी राहू दे गं त्यांचं," म्हणाली. मी म्हणाले, "एकही दगड जागचा राहू द्यायचा नाही." मग तिनं तो डबा खिडकीत ठेवला.

सासूबाई वर आल्या. स्वयंपाकघराच्या मधोमध उभ्या राहिल्या. हात आपोआप शेगडीच्या उजवीकडे गेला, रिकाम्या जागेत थांबला आणि खाली आला. त्या वळल्या. आत जाऊन पलंगावर भिंतीकडे तोंड करून आडव्या झाल्या. संध्याकाळचा चहासुद्धा घेतला नाही. नवरा घाबरून मला सांगायला आला, "आईला काय झालंय?" मी म्हणाले, "काही नाही. रुसल्या आहेत. उठतील." पण आतून माझी पाचावर धारण बसली होती. मासा रुसतो, भूक लागली की उठतो. पण हे काय आमच्या टाकीतले थोरले होते? त्या उठल्याच नाहीत तर आईचं जाणं नक्की होतं.

त्या उठल्या. रात्री आई वरच झोपली होती. सकाळी मला जाग आली ती डबे आपटण्याच्या आवाजानं.

"विहीणबाई! साखर कुठे ठेवली आहे तुम्ही?"

"खालच्या कपाटात असेल बघा."

"खाली डाळी आहेत."

"मग डाळींच्या मागे. मलाही नीट आठवत नाही हो."

"आठवत नाही! लावलं कुणी? तुमच्या त्या इस्पितळात चादरी तरी पेशंटांना मिळत होत्या का?"

आणि माझी आई हसली. वाफेच्या हॉलमधलं तिचं ते हसणं. मी जिन्यात जाऊन रडले. त्यात लाजायचं काय?

मग रोजचंच झालं. दोघी मिळून झारा शोधायच्या, चाळण शोधायच्या, एकमेकींवर खापर फोडायच्या. सासूबाईंना सगळ्यात जास्त छळलं मिठानं. दर जेवणाला त्यांचा पुकारा: "विहीणबाई, मीठ!" आणि आई जिथे असेल तिथून गुडघे धरत उठायची आणि मीठ काढून द्यायची. मागची खोली रिकामी झाली. तिथे मी आता नवे मासे ठेवते. आई वेणी घालायला लागली.

पण संस्थेचा विषय तिनं मिटवला नव्हता. "चार दिवस पाहुणी म्हणून सगळेच गोड असतात," असं ती मला एकदा म्हणाली. "कंटाळल्या की मग?" 

फोन आला तेव्हा आई खाली दुकानात निऑनना खाणं घालत होती. तिचा फोन वर ओट्यावर राहिला होता. मी तिला बोलवायला निघाले, तर सासूबाईंनी माझ्याआधी तो उचलला. एका हातात पळी, शेगडीवर पातेलं उकळत होतं. मी दारात थांबले.

"हो, त्यांचाच नंबर," त्या म्हणाल्या. "मी त्यांची विहीण... नाही, त्यांना कशाला विचारायचं? जागा दुसऱ्या कुणाला द्या... अहो, कसं जमेल? स्वयंपाकघर त्यांनी लावलंय. मला या घरात मीठसुद्धा सापडत नाही. त्या गेल्या तर आम्ही अळणी जेवायचं का?"

फोन ठेवून त्या पातेल्याकडे वळल्या. मी दारात उभी आहे, हे त्यांना दिसलं नव्हतं. पळीनं ढवळता ढवळता, मान न वळवता, त्यांनी डावा हात लांबवला. हात थेट खिडकीत गेला, मिठाच्या डब्यावर पडला, चिमूट घेऊन परत आला.

मी आवाज न करता दोन पायऱ्या खाली उतरले. जेवायच्या वेळी वरून नेहमीसारखी हाक आली, "विहीणबाई! मीठ कुठे गेलं हो आपलं?"

"आले, आले," आई म्हणाली आणि माझ्या खांद्याचा आधार घेत उठली.